अकरा फ्लॉप्या आणि पाठकोरे कागद

शनिवार. आमच्या घड्याळात पावणेचार.

श्री. भाऊजींस वहिनीचा सप्रेम नमस्कार. (वयाने आणि नात्याने आशीर्वाद द्यायला हवा, पण खोका पाठवणाऱ्याला आधी नमस्कारच शोभतो. आशीर्वाद शेवटी देईन, तोवर पत्र हातातून सोडू नका.)

प्रथम पोच, उशिरा का होईना. तुमचा खोका मिळाला. आतून निघाले ते असे: फ्लॉप्या अकरा, जाडे पुस्तक एक, अर्धे इंग्रजी नि अर्धे चिनी, मला दोन्ही अर्धी जवळजवळ सारखीच, कळांवर चिकटवायच्या चिठ्ठ्यांचा ताव एक, संगणकाच्या पाठीत खोचायची काळी चावी एक, आणि जाऊबाईंचा रुमाल एक (फ्लॉप्या हलू नयेत म्हणून गुंडाळला होता की भेट म्हणून, ते कळले नाही, धुऊन, घडी घालून ठेवला आहे). टपालखर्च बत्तीस, तो तुम्ही भरलात. खोक्याचा एक कोपरा फाटला होता म्हणून पोस्टमनने बांधणावळीचे दोन मागितले, ते मी दिले नाहीत, पाणी दिले. चिनी टायपिंगच्या प्रोग्रॅमची किंमत तुम्ही चिठ्ठीत लिहून मग खोडली आहे. उजेडाकडे धरून वाचली. भाऊजी, इतके कशाला. आणि हो, या पत्राचे कागद जरा चुरगळलेले दिसतील, त्याकडे लक्ष देऊ नका. इस्त्री केली आहे. सात पाने आहेत, मोजून घ्या.

तुमची सर्वांची प्रकृती ठीक असेलच. जाऊबाईंची कंबर कशी आहे? वाकून उचलू नका म्हणावे, बसून उचला. आमचे देवाच्या कृपेने बरे आहे. तुमच्या दादांच्या डाव्या पायाचा अंगठा सोडला तर घरात दुखणे नव्हते. तो मात्र परवापर्यंत ठणकत होता, चालताना ते एका बाजूने साहेब आणि दुसऱ्या बाजूने लंगडे असे दिसत. भिंतीवरचे घड्याळ तसेच आहे. मामंजींच्या पाठीमागे घड्याळ दादांकडे आले आणि त्याची किल्ली तुमच्या खिशातून तुमच्या गावी गेली, त्याला आता दोन वर्षे होतील. तुम्ही म्हणता दादांनीच रागाने 'घेऊन जा' म्हटले, दादा म्हणतात तू रागाने नेलीस. मी स्वयंपाकघरात होते, मला दोघांचे आवाज सारखेच ऐकू आले. तेव्हापासून तुम्ही पत्र मला लिहिता, ते तर कोणालाच लिहीत नाहीत, आणि आमच्याकडे पावणेचारच वाजलेले असतात. मी कोणाची बाजू घेत नाही. फक्त रोज घड्याळावरची धूळ पुसते.

खोका मी कोणी पाठवला ते दादांना सांगितले नव्हते, तुम्हीच तसे बजावले होते. पण त्यांनी सुतळीची गाठ पाहिली आणि म्हणाले, "ही गाठ आमच्या घरातली आहे." मी म्हटले, गाठी सगळ्या सारख्याच. कात्री आणून दिली तरी त्यांनी सुतळी कापली नाही, नखांनी सोडवत बसले, मग बोटाभोवती गुंडाळून खणात टाकली. काटकसर म्हणून मला बरे वाटले. दुसऱ्या कशासाठी ठेवली असेल तर ते मला ठाऊक नाही.

आता हा प्रोग्रॅम मला कशाला हवा होता ते नीट सांगते, कारण मागच्या पत्रात जागा पुरली नव्हती. आपल्या टायपिंगच्या दुकानाशेजारी बूटवाले आहेत ना, चिनी, त्यांच्या आजोबांपासून याच गल्लीत. आपल्यासारखेच बोलतात, आपल्याहून जास्त बोलतात. त्यांचा थोरला भाऊ दूरच्या गावी चामडे कमावतो आणि ह्यांना पुरवतो. वडील जाताना सांगून गेले की भावाभावांतला व्यवहार आपल्याच लिपीत, लेखी ठेवा. नंतर दोघे भांडले. भांडण कशावरून, तर वडिलांच्या बूट शिवायच्या लाकडी साच्यांवरून. चाळीस जोड होते. वाटणी अशी झाली की डाव्या पायाचे सगळे थोरल्याकडे आणि उजव्या पायाचे सगळे धाकट्याकडे. (हसू नका. घड्याळ आणि किल्ली आठवा.) त्याला अकरा वर्षे झाली. तेव्हापासून दर तीन महिन्यांनी एक पत्र जाते, 'इतके चामडे पाठव', आणि एक येते, 'इतके पाठवले'. कसा आहेस नाही, काही नाही. पण तेवढे तरी होते. यंदा आजारपणानंतर बूटवाल्यांचा उजवा हात थरथरायला लागला. हातोडी धरवते, कारण ती जड आहे, लेखणी धरवत नाही. दादांनी आपल्या भाषेत मागणी टाइप करून दिली, ती थोरल्याने न फोडता परत पाठवली. वर निरोप, महिनाअखेर चिनी लिपीत पत्र आले नाही तर यापुढे चामडे नाही. बूटवाले म्हणाले, "चामडं कुठूनही मिळेल हो वहिनी. पण मग पत्रही संपलं." एवढे बोलून त्यांनी माझ्या चपलेचा पट्टा फुकट शिवून दिला. फुकट काम करण्याइतका माणूस खचलेला मी पाहिला नव्हता, म्हणून तुम्हाला लिहिले.

प्रोग्रॅम यंत्रात उतरवायला दीड दिवस लागला. पहिली फ्लॉपी घातली, दुसरी मागितली. सातवीपर्यंत शहाण्यासारखे चालले, मग म्हणतो तिसरी पुन्हा द्या. तुमचे दादा म्हणाले, "कचेरीतला कारकून आहे हा, दिलेलाच कागद परत मागतोय." दिली. मग नववी, मग परत तिसरी. मी तिसरीला वेगळी खूण करून ठेवली आहे, घरात एक तरी अशी असतेच की सगळ्यांना सारखी तीच लागते. अकरावी संपली आणि पडद्यावर चिनी अक्षरांची ओळ उमटली. मी हात जोडले. बूटवाल्यांना हाक मारली, त्यांनी वाचून सांगितले की 'जागा कमी आहे' असे लिहिले आहे. मग दादांच्या जुन्या अर्जांचे नमुने पुसले तेव्हा जागा झाली. (त्यांना सांगितलेले नाही. छापील प्रती कपाटात आहेत.)

त्यानंतर चावीचे प्रकरण. तुम्ही लिहिले होते, ही काळी चावी जपा, हरवली तर पुन्हा पूर्ण किंमत. इतकी किमती वस्तू मी रात्रंदिवस यंत्राच्या पाठीला लोंबकळत ठेवीन असे तुम्हाला वाटलेच कसे? पहिल्या दिवशी काम झाल्यावर काढून घेतली, कापडात बांधली आणि देवांमागच्या डब्यात ठेवली. सकाळी प्रोग्रॅम उघडेना. दादांनी टेबलाखाली शिरून तारा तपासल्या, पुस्तकाचा इंग्रजी अर्धा भाग वाचला, तुमच्या संगणकाच्या धंद्याबद्दल दोन शब्द बोलले (ते लिहीत नाही), आणि वर येताना डोके आपटून घेतले. दुपारपर्यंत मलाही सुचले नाही. देवापुढे दिवा लावायला गेले तेव्हा डबा दिसला आणि कळले, चावी खोचलेली नसेल तर प्रोग्रॅम उघडतच नाही. देवाने आठवण दिली असे मी म्हणते. दादा म्हणतात, देवानेच लपवली होती. आता रोज सकाळी दिवा लावते, चावी घेते, खोचते, संध्याकाळी काढते, ठेवते, दिवा लावते. तुमचे पुस्तक म्हणते काढायची गरज नाही. पुस्तकाने पैसे दिलेले नाहीत.

टाइप करण्याची तऱ्हा तुम्हाला ठाऊकच आहे, तरी माझ्या तोंडून ऐका. अक्षराचा उच्चार इंग्रजी कळांनी टाइप करायचा, की खालच्या पट्टीत त्या उच्चाराची नऊ अक्षरे आकड्यांसकट येऊन उभी राहतात. त्यांत आपले नसेल तर पुढची नऊ, तीही नकोत तर त्यापुढची. आपले दिसले की त्याचा आकडा दाबायचा. तुमच्या दादांची बोटे चाळीस वर्षे टंकयंत्रावर धावलेली, त्यांना थांबणे माहीत नाही. पट्टी येईपर्यंत त्यांनी सहा कळा पुढे मारलेल्या असत. पहिल्याच वाक्यात असे काही उमटले की बूटवाले वाचताना खुर्चीवरून उठले आणि म्हणाले, हे घरात वाचण्यासारखे नाही. दादांनी चष्मा काढून ठेवला आणि हे टायपिंग नव्हे असा निकाल दिला. खरेच नव्हे. हे धान्य निवडणे आहे. ताटात नऊ दाणे आले, आठ बाजूला, एक इकडे. मॅट्रिकपेक्षा ते शिक्षण माझे जास्त झाले आहे. बूटवाले शेजारी बसून उच्चार सांगत, मी पुस्तकातल्या तक्त्यात बोट फिरवून इंग्रजी अक्षरे शोधत असे, पट्टी आली की ते आकडा बोलत. "चार. नाही, तो चार नाही, पुढच्या पानावरचा चार." मला एकाही अक्षराचा अर्थ कळत नसे. पण निवडणाऱ्या बाईला दाण्याचा अर्थ कुठे कळतो, चांगला-वाईट कळतो.

हात बसण्यासाठी मी त्यांच्याकडून सरावाला दोनच अक्षरे मागून घेतली, पण चांगल्या अर्थाची द्या म्हटले, वेळ जायचाच तर सत्कारणी जावा. त्यांनी पुष्कळ विचार करून 'पिंग आन' दिले. म्हणजे सुखरूप राहा. घरातून निघणाऱ्याला आई म्हणते ते, असे म्हणाले. मग मी रोज दुपारी भांडी आवरून बसे आणि पिंग आन, पिंग आन. भाऊजी, तुमचा प्रोग्रॅम गुणी आहे. पहिल्या दिवशी ती अक्षरे तिसऱ्या पानावर सापडत, दोन दिवसांत पहिल्या पानावर आली, चौथ्या दिवशी पहिल्या क्रमांकावर येऊन माझी वाटच पाहत उभी. इतक्या लवकर मी सासरी कोणाच्या सवयी शिकले नव्हते. शेवटी एकशे आठ पुरे केले, सहा-सहाच्या अठरा ओळी. पण पडद्यावरचा जप वीज गेली की गेला, त्याचे पुण्य कोणाच्या खात्यावर लिहायचे? म्हणून एक कोरा कागद घालून तो छापला. चिनी अक्षर चित्रासारखे छापले जाते, प्रिंटर एकेका ओळीवरून दोनदा कर्रकर्र करत जातो आणि फीत अशी पितो की बघवत नाही. पण कागद सुंदर दिसला. धूळ बसू नये म्हणून मी तो पालथा करून प्रिंटरशेजारच्या चळतीवर ठेवला.

इथे आमच्या घरचा कायदा सांगायला हवा, तुम्ही निघून गेल्यावर झाला आहे. दुकानात उताणा कागद म्हणजे कामाचा, पालथा कागद म्हणजे पाठकोरा. पाठकोऱ्यांच्या त्या चळतीवरच आमचे बिलांचे मसुदे, हिशेब, याद्या, सगळे चालते. कायदा माझाच आहे. मोडला मीच.

महिना संपायला सहा दिवस असताना बूटवाले मागणी सांगायला बसले. मजकूर असा: गेल्या खेपेचे चामडे पुठ्ठ्यासारखे होते. पन्नास नग पाठव. नीट पाठव. नीट पाठवायचे नसेल तर पाठवू नकोस. मी म्हटले, शेवटी दोन शब्द बरे घालू या का, प्रकृतीचे विचारू या. ते म्हणाले, "त्याने विचारलं का कधी?" मी म्हटले, कोणीतरी आधी विचारावे लागते. ते म्हणाले, "मग थोरल्याने विचारावं." (तुमचे दादा शेजारी टंकयंत्राची फीत बदलत होते. ते मान वर न करता म्हणाले, "आणि धाकट्याने विचारलं तर काय बिघडतं?" मी दोघांकडे पाहिले.) छापायला कोरा कागद काढू लागले तर बूटवाल्यांनी हात धरला. "शिव्या घालायला कोरा कागद कशाला वहिनी? पाठकोरा घ्या." माझ्या मनासारखेच बोलले. चळतीवरचा पहिला पालथा कागद उचलला आणि घातला. त्यांनी खाली कशीबशी सही केली आणि ते पळाले, दुकानात एका तळव्याचा डिंक वाळत होता. कागदाची घडी दादांनी घातली. मागे अठरा ओळी दिसल्या त्यांना, पण त्यांचा समज असा झाला की चिनी पत्राला दोन्ही बाजू लागत असतील. पाकीट बंद करून, पोचपावतीसह टाकून आले, एका पायाने लंगडत.

दिवेलागणीला मी जपाचा कागद देवघरात न्यायला गेले आणि चळतीवर त्याच्याऐवजी दादांच्या भाड्याच्या करारनाम्याचे पान सापडले. म्हणजे मागणी जपाच्याच पाठीवर छापली होती. पत्र तर गेलेले. मी तशीच शेजारी गेले. बूटवाले तोंडात खिळे धरून टाच ठोकत होते. मी सगळे एका दमात सांगितले. त्यांना बोलायचे तर होते, पण तोंडात खिळे. त्यांनी एकेक काढून डबीत ठेवला. सतरा निघाले. तोवर मी दारात उभी, सतरा वेळा वाटले आता ओरडतील. शेवटचा काढून म्हणाले, "म्हणजे एका बाजूला पाठवू नकोस, आणि दुसऱ्या बाजूला सुखरूप राहा?" मी म्हटले, एकशे आठ वेळा. ते पुष्कळ वेळ हातातल्या बुटाच्या आत पाहत राहिले, जसे काही तिथे लिहिले आहे. मग म्हणाले, "अकरा वर्षांत मी एकदा म्हटलं नाही. आता त्याला वाटेल मी मरायला टेकलोय." आणि दुसऱ्याच क्षणी, "नाहीतर वाटेल मी त्याची थट्टा करतोय. मग चामडंही गेलं आणि पत्रही गेलं." दुसरे पत्र पाठवून खुलासा करू या म्हटले तर नको म्हणाले. सुखरूप राहा म्हटले ते चुकून म्हटले, असा खुलासा कोणत्या भाषेत करतात?

महिना संपला. चामडे आले नाही, पत्र आले नाही, पोचपावती मात्र आली, म्हणजे पाकीट या वेळी परत फिरवले नव्हते. बूटवाले रोज पोस्टमनला दुरून पाहून आत जात आणि तो गेल्यावर बाहेर येत. मी देवाला म्हटले, जप तुझा म्हणूनच केला होता, कागद चुकीच्या पत्त्यावर गेला, आता तूच पाहा. (नवस बोलले नाही. खर्च वाढतो.) दादांनी अंगठ्याला तेल लावता लावता विचारले, "काही आलं का त्याचं?" कोणाचे, म्हणून मी विचारले, तर म्हणाले, बूटवाल्याच्या भावाचे, आणखी कोणाचे.

नवव्या दिवशी दुकानासमोर हातगाडी थांबली. गाडीवर चामड्याचा गठ्ठा, गठ्ठ्यावर एक लाकडी पेटी, आणि पेटीवर काळा कोट घातलेले एक म्हातारे गृहस्थ, बूटवाल्यांचाच चेहरा, दहा वर्षे पुढचा. उतरले ते थेट भावाच्या दुकानात. बूटवाले जेवत होते. थोरल्यांनी त्यांना डोक्यापासून पायांपर्यंत पाहिले आणि मग जो काही आरडाओरडा सुरू झाला तो दोन तास चालला. भाषा कळत नव्हती, पण सूर कळत होता. मरत नाहीस तर मला एवढ्या लांब का आणलेस, असा तो सूर होता. तुमचे दादा काळजीने म्हणाले, मध्ये पडू का? मी म्हटले, अजिबात नाही. अकरा वर्षांचे तुंबलेले दोन तासांत मोकळे होते आहे, स्वस्तात सुटले. आरडाओरडा थांबला आणि हातोडीचा आवाज आला. दोन हातोड्यांचा.

संध्याकाळी थोरले मला भेटायला आले. खिशातून तो कागद काढला, घडीवर फाटायला आला होता. म्हणाले, "बाई, मी पुढची बाजू एकदा वाचली. मागची मोजली. एकशे आठ का? शंभर चालले असते." मी जपाचा हिशेब समजावून सांगितला. त्यांनी मान हलवली. म्हणाले, "मला वाटलं, हात थरथरत असतानाही त्याने हे एवढं लिहिलं." मी म्हटले, हाताने नाही लिहिले, पण दोन अक्षरे त्यांचीच आहेत, पुष्कळ विचार करून दिलेली. खोटे नाही ना हे, भाऊजी? मी तीन दिवस तपासून पाहिले, खोटे सापडले नाही. बूटवाले मागे दारात उभे होते. ते म्हणाले, "पुढची बाजूही खरीच आहे हो. चामडं पुठ्ठ्यासारखंच होतं." थोरले म्हणाले, "होतं. रागाने पाठवलं होतं."

पेटीत काय होते ते तुम्ही ओळखले असेल. डाव्या पायाचे साचे, एकोणचाळीस. एक उंदरांनी खाल्ला. आणि इथे मला एक गोष्ट कळली, ती ऐकून तुम्ही बसून घ्या. बूटवाले अकरा वर्षे उजवा बूट साच्यावर शिवत होते आणि डावा, उजव्याकडे बघून, अंदाजाने. गल्लीतले निम्मे लोक डाव्या पायाने लंगडतात, त्याचे खापर आम्ही वयावर, हवेवर आणि पूर्वजन्मावर फोडत होतो. तुमच्या दादांना परवा नवा जोड मिळाला, दोन्ही साच्यांवर शिवलेला. घालून ते दारापासून कोपऱ्यापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. अंगठा ठणकला नाही. परत येऊन म्हणाले, "दोन भाऊ नीट बोलत नाहीत आणि त्रास माझ्या पायाला." मी घड्याळावरची धूळ पुसत होते.

आता थोरले गावी परतलेत आणि महिन्याला एक पत्र पाठवतात, माझ्याकडून उत्तर टाइप होते. मागणी दोन ओळींची असते आणि बाकी पान बूटवाले बोलत सुटतात. फितीचा खर्च वाढला आहे, पण त्यांनी माझ्या दोन्ही चपलांचे तळ बदलून दिले, तेव्हा खाते समान. असो. पुष्कळ लिहिले. आता ठरल्याप्रमाणे आशीर्वाद: तुम्ही, जाऊबाई आणि मुले, पिंग आन.

तुमची,
वहिनी

ता. क. फितीचे भाव तुमच्याकडे कमी असतील तर दोन पाठवा. पैसे लगेच पाठवीन. खोक्याला बांधणावळ मात्र भक्कम असू द्या, पोस्टमन मागे लागतो.

ता. क. दुसरा. फिती नसल्या तरी चालेल. काळी चावी पाठवलीत, प्रोग्रॅम सुरू झाला. तुमच्याकडे आणखी एक किल्ली आहे, पितळेची, दोन कानांची. ती पाठवाल का? घड्याळजी म्हणतो, अशी किल्ली तो चहाच्या पैशांत देईल. मी काटकसरी आहे हे तुम्हाला ठाऊक आहे, तरी मी ती घेतली नाही, आणि दादांनी तर त्याला दुकानाबाहेर काढले. म्हणाले, किल्ली आहे, येईल तेव्हा येईल. मला वेळेची काही अडचण नाही. फक्त दिवा लावायची वेळ पावणेचारवरून ओळखणे कठीण जाते.

ता. क. तिसरा. हे पत्र पाठकोऱ्या कागदांवर आहे, तुमच्या लक्षात आलेच असेल. तुमचे दादा हल्ली दुपारी टंकयंत्रावर काहीतरी टाइप करतात, विचारले तर फीत तपासतो म्हणतात, आणि कागद चुरगळून टोपलीत टाकतात. चांगले कागद, दोन-दोन ओळींसाठी वाया. मी काढून इस्त्री केले. मागच्या बाजूला काय आहे ते मी वाचलेले नाही. (पाचव्या पानामागे 'किल्ली' हा शब्द दोनदा खोडून तिसऱ्यांदा टाइप केला आहे, तेवढा इस्त्री फिरवताना दिसला. आणि सातही पानांची सुरुवात 'चि. धाकट्यास' अशीच आहे, ती तर डोळे मिटूनही दिसली असती.) या वेळी कागद पालथे कसे पडले आहेत ते मी नीट पाहून घेतले होते. चूक झालेली नाही.

उलट टपाली दोन ओळी कळवा. तुम्हीही पाठकोरा कागद घेतलात तर चालेल. एक बाजू माझ्या नावे असू द्या, दुसरी कोणाच्या नावे ते तुम्हीच ठरवा. मी माझी बाजू पालथी करून कागद त्यांच्यासमोर ठेवीन.